'उद्या', 'कल' आणि 'परवा': हे शब्द फोनला जड का जातात?

समजा तुमचा फोन हिंदीत आहे आणि लॉक स्क्रीनवर ही ओळ दिसते: 'आपका पार्सल कल शाम आपके दिए हुए पते पर…' पुढे तीन टिंबं. आता सांगा, पार्सल येऊन गेलं की अजून यायचंय?

सांगता येत नाही. हिंदीत 'कल' म्हणजे कालही आणि उद्याही. 'कल मिला था' म्हटलं की काल, 'कल मिलूँगा' म्हटलं की उद्या. फरक सगळा क्रियापदात आहे आणि हिंदीत, आपल्या मराठीसारखंच, क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. नोटिफिकेशन कापलं जातं तेही शेवटीच! म्हणजे अर्थ ठरवणारा नेमका तुकडाच फोन दाखवत नाही. 'पहुँचा दिया गया था' आणि 'पहुँचा दिया जाएगा' यातलं काय होतं, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. पार्सल असेल तर फार बिघडत नाही. पण हप्ता कापला जाण्याची किंवा फॉर्मच्या शेवटच्या तारखेची सूचना असेल तर बिघडतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि ॲपमधले छोटे छोटे मेसेज भारतीय भाषांमध्ये नीट दिसतायत ना, हे बघणं माझ्या रोजच्या कामात येतं. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाणारे शब्द कुठले, तर अवघड तांत्रिक शब्द नाहीत. 'आज', 'काल', 'उद्या' ही साधी क्रियाविशेषणं.

सगळं पहाटेपासून सुरू होतं

'कल' दोन्हीकडे कसा काय चालतो? या शब्दाचं मूळ संस्कृत 'कल्य' मानतात, म्हणजे पहाट. जवळची पहाट, मग ती होऊन गेलेली असो नाहीतर होणारी. आपला 'काल' याच घरातला आहे, फक्त मराठीत तो मागच्या दिवसालाच चिकटून बसला आणि पुढच्या दिवसासाठी आपण 'उद्या' हा वेगळा शब्द ठेवला.

पहाटेवरून दिवस मोजायची ही सवय फक्त आपल्याकडची नाही. स्पॅनिशमध्ये 'मान्याना' म्हणजे सकाळ आणि 'मान्याना' म्हणजेच उद्या. त्यामुळे 'उद्या सकाळी' म्हणायचं तर ते लोक सरळ 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणतात. जर्मनमध्येही 'मॉर्गेन' म्हणजे सकाळ आणि उद्या दोन्ही. पण जर्मन लोकांना तोच शब्द लागोपाठ दोनदा म्हणणं जड जातं, म्हणून ते 'मॉर्गेन फ्र्यू' म्हणतात, म्हणजे 'उद्या लवकर'. रशियन 'झाव्त्रा' मध्येही सकाळ लपलेली आहे. इंग्रजीतला 'टुमॉरो' सुद्धा जुन्या इंग्रजीतल्या सकाळीवरूनच आला.

फरक असा की युरोपातल्या या भाषांनी पहाट पुढच्या दिवसाला दिली आणि कालसाठी वेगळा शब्द ठेवला. हिंदी-उर्दूने मात्र 'आजपासून एक दिवस दूर' एवढंच सांगायचं ठरवलं, दिशा क्रियापदावर सोडली. बोलताना यात काही अडचण येत नाही. समोरचा माणूस पूर्ण वाक्य ऐकतो. अडचण सुरू होते शब्द एकटा पडला की.

शेजाऱ्यांनी काय केलं

गुजरातीत 'काले' दोन्ही अर्थांनी चालतो, पण स्पष्ट सांगायचं असेल तर 'गईकाले' आणि 'आवतीकाले' तयार आहेत. बंगालीत तसंच, 'काल' दोन्हीकडे, आणि नेमकं बोलायचं तर 'गतकाल' आणि 'आगामीकाल'. पंजाबीत 'कल्ह' दोन्हीकडे, पण उद्यासाठी 'भलके' हा वेगळा शब्दही आहे. दक्षिणेत हा गोंधळच नाही. कन्नडमध्ये काल म्हणजे 'निन्ने', उद्या म्हणजे 'नाळे'. तेलुगूत 'निन्ना' आणि 'रेपु'.

आता वाटेल, बरं झालं, आपणही या बाबतीत सुटलो. 'काल' वेगळा, 'उद्या' वेगळा. थांबा जरा.

परवा म्हणजे नक्की कधी?

'परवा भेटलो' आणि 'परवा भेटू'. एकच शब्द, दोन टोकं, मध्ये चार दिवसांचं अंतर! 'कल'ला हसणाऱ्या मराठी माणसाच्या खिशात 'परवा' आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. 'तेरवा'चंही तेच, तीन दिवस मागे किंवा तीन दिवस पुढे. संस्कृतात हे साफ होतं: 'ह्यः' म्हणजे काल, 'श्वः' म्हणजे उद्या, 'परश्वः' म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस. हिंदीतला 'परसों' त्या 'परश्वः'पासून आला, पण वाटेत तो मागेही चालायला लागला.

कोकणीने मात्र इथे आपल्यावर मात केली आहे. उद्या म्हणजे 'फाल्यां', त्याच्या पुढचा दिवस 'परवां', आणि कालच्या आधीचा दिवस 'पयर'. कन्नडमध्येही 'मोन्ने' मागचा, 'नाडिद्दु' पुढचा. तेलुगूत 'मोन्ना' आणि 'एल्लुंडि'. म्हणजे सीमेच्या पलीकडे दोन शब्द, अलीकडे एक.

त्यात आपण 'परवा' ढिला पण वापरतो. 'अरे परवाच तर बोललो आपण' म्हणताना ती गोष्ट आठवड्यापूर्वीची असू शकते. 'अगदी परवापरवापर्यंत' म्हणजे तर काही वर्षंही चालतात. वर 'मला परवा नाही' मधला 'परवा' हा फारसीतून आलेला वेगळाच शब्द. काहीजण तो 'पर्वा' असा लिहितात, पण चॅटमध्ये कोण बघतंय.

तुम्ही म्हणाल, क्रियापद बघितलं की झालं. भूतकाळ असेल तर मागचा, भविष्यकाळ असेल तर पुढचा. बहुतेक वेळा चालतं हे. पण हे वाक्य घ्या: 'परवा मी आलो की देतो पैसे.' 'आलो' हे रूप भूतकाळाचं आहे, आणि तरी येणं अजून व्हायचंय. मराठी माणसाला 'की' ऐकल्या ऐकल्या कळतं. नुसता नियम लावणाऱ्या प्रोग्रामला 'आलो' दिसतं आणि तो दोन दिवस मागे जातो. आणि पैसे बाकी असतील तर दोन दिवस मागे जाणं परवडत नाही.

व्हॉइस असिस्टंटला तर क्रियापदाचा आधारही मिळत नाही, कारण आपण त्याला आज्ञा देतो आणि आज्ञेत काळ नसतो. 'परवा सकाळी सातचा अलार्म लाव' म्हटलं तर अलार्म मागच्या दिवसाचा लावता येत नाही, म्हणून पुढचा. 'परवाचे फोटो दाखव' म्हटलं तर पुढचे फोटो अजून काढलेलेच नाहीत, म्हणून मागचे. इथे अर्थ शब्दात नाही, क्रियापदात नाही, 'अलार्म' आणि 'फोटो' या वस्तूंमध्ये आहे. आता 'परवाची मीटिंग दाखव' म्हणून बघा. कॅलेंडरमध्ये दोन्हीकडे मीटिंग असेल तर माणूससुद्धा विचारेल, कुठली रे? असिस्टंटनेही इथे अंदाज न बांधता उलट प्रश्न विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

फोनच्या आत हे शब्द कुठे असतात?

प्रत्येक ॲप 'काल' आणि 'उद्या'ची भाषांतरं स्वतः करत बसत नाही. युनिकोड ही संस्था सीएलडीआर नावाचा एक मोठा साठा सांभाळते. त्यात शेकडो भाषांचे वार, महिने, आकडे लिहायच्या पद्धती आणि 'काल, आज, उद्या' असे शब्द असतात. त्याची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. अँड्रॉइड, आयफोन, वेब ब्राउझर, सगळे यातूनच माहिती घेतात. ब्राउझरमध्ये प्रोग्रामरने 'उणे १ दिवस' असा आकडा आणि 'मराठी' अशी भाषा दिली की 'काल' मिळतं, 'अधिक १' दिला की 'उद्या'. हिंदी मागितली तर दोन्ही वेळा 'कल'.

ज्यांना कोडिंग येतं त्यांच्या लक्षात आलं असेल की आकड्यावरून शब्दाकडे जाणं सोपं आहे, उलटं नाही. समजा कोणी शब्दावरून तारीख ओळखण्यासाठी यादी बनवली: 'कल' म्हणजे उणे १, आणि खाली परत 'कल' म्हणजे अधिक १. पायथनच्या डिक्शनरीत एकाच नावाच्या दोन नोंदी राहत नाहीत. दुसरी पहिलीला गुपचूप पुसून टाकते. एरर नाही, सूचना नाही. त्यानंतर त्या प्रोग्रामसाठी हिंदीत भूतकाळातला 'कल' उरतच नाही. इंग्रजीत टेस्ट केलं तर हे कधीच सापडणार नाही, कारण तिथे 'यस्टरडे' आणि 'टुमॉरो' वेगळेच आहेत.

दुसरी गंमत 'परवा'च्या जागेची. जर्मनमध्ये पुढच्या परवासाठी 'यूबरमॉर्गेन' आणि मागच्यासाठी 'फोअरगेस्टर्न' असे स्वतंत्र शब्द आहेत, आणि सीएलडीआरमध्ये त्यांना जागाही आहे. इंग्रजीत एकेकाळी 'ओव्हरमॉरो' होता, पण तो वापरातून गेला. त्यामुळे इंग्रजीला 'इन टू डेज' म्हणावं लागतं. बहुतेक ॲप आधी इंग्रजीत लिहिली जातात आणि त्यात तीनच खाने केलेले असतात: काल, आज, उद्या. मग ज्या भाषेत चौथा-पाचवा शब्द रोज तोंडात असतो, त्या भाषेलाही '२ दिवसांनी' म्हणायला लागतं. मला विचाराल तर 'परवा'च्या बाबतीत हे पथ्यावरच पडलं. '२ दिवसांनी' रुक्ष वाटतं, पण कोणी चुकत नाही.

जपानीत आणखी पुढचं प्रकरण आहे. 'आसात्ते' म्हणजे पुढचा परवा, आणि 'शिआसात्ते' म्हणजे त्याच्या पुढचा दिवस. पण पूर्व जपानच्या काही भागांत या तिसऱ्या दिवसाला 'यानोआसात्ते' म्हणतात आणि 'शिआसात्ते' चौथ्या दिवसाला. म्हणजे एकाच देशातल्या दोघांनी एकच शब्द वापरून भेट ठरवली तरी चुकामूक होऊ शकते.

उद्या कोणाचा?

शब्द बरोबर भाषांतरित झाला तरी एक प्रश्न उरतोच. 'उद्या' हा शब्द बोलणाऱ्याच्या घड्याळाला बांधलेला असतो. पुण्यात शनिवारी सकाळचे ९ वाजलेत, आणि न्यू जर्सीतल्या ताईचा मेसेज आला, 'उद्या बोलू'. उन्हाळ्यात तिच्याकडे तेव्हा शुक्रवारी रात्रीचे ११:३० असतात. तिचा उद्या म्हणजे शनिवार, जो तुमच्याकडे उजाडलेला आहे. तुम्ही रविवारी वाट बघणार.

एकाच गावात असलात तरी मध्यरात्री हेच होतं. रात्री १२:३० ला जागा असलेला मित्र 'उद्या सकाळी ये' म्हणतो, तेव्हा त्याला झोपून उठल्यानंतरची सकाळ म्हणायची असते. कॅलेंडरप्रमाणे ती 'आज' आहे. ॲपला मात्र कॅलेंडरनेच चालावं लागतं. सोमवारी रात्री ११ चा मेसेज मंगळवारी १ वाजता उघडला तर दोनच तास झालेत, पण वर 'काल' लिहिलेलं दिसतं. ते बरोबरच आहे. २४ तास मोजून 'काल' ठरवणारं ॲप चुकीचं.

सगळ्यात वाईट प्रकार फॉरवर्डचा. 'उद्या पाणी येणार नाही', 'उद्या बँका बंद', 'उद्या शेवटची तारीख'. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर ज्याने तुम्हाला पाठवला त्याची वेळ दिसते, मूळ लिहिणाऱ्याची नाही. त्यामुळे मंगळवारी लिहिलेला 'उद्या' शुक्रवारी तुमच्या ग्रुपवर आला की तो शनिवार होऊन बसतो, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर काका सगळ्यांना बादल्या भरून ठेवायला सांगतात. भाषांतराचं बटण इथे काही करू शकत नाही, कारण मूळ तारीख त्या मजकुरात नाहीच.

म्हणून ग्रुपवर किंवा दुसऱ्या भाषेतल्या माणसाला लिहिताना वार आणि तारीख टाका: 'उद्या, गुरुवार १२ तारखेला'. 'उद्या' काढायची गरज नाही, तो वाचायला बरा वाटतो. भाषांतर करून पाठवणार असाल तर 'परवा'च्या जागी 'दोन दिवसांपूर्वी' किंवा 'दोन दिवसांनी' लिहा, आणि 'परवा लग्न' असे क्रियापद नसलेले तुकडे भाषांतराला देऊ नका. त्यातून इंग्रजी करताना मशीनला दोनपैकी एक बाजू घ्यावीच लागते, आणि ती कुठली घेतली हे समोरच्या माणसाला कळत नाही.

आणि 'उद्या काही झालं तर' किंवा 'उद्या तूच म्हणशील' असलं वाक्य भाषांतर ॲपमध्ये टाकून बघा. इथला 'उद्या' म्हणजे पुढे कधीतरी, तो कॅलेंडरवर सापडणार नाही. स्पॅनिश 'मान्याना' सुद्धा असाच 'बघू कधीतरी' या अर्थाने वापरतात, म्हणून मराठीतून स्पॅनिशमध्ये हा अर्थ बऱ्यापैकी सुखरूप पोहोचायला हवा. इंग्रजीत 'टुमॉरो' आलं, तर वाचणारा माणूस खरंच दुसऱ्या दिवसाची तयारी करत बसेल.