पिकअप स्विच, इलेक्ट्रिक गिटारमधील : बिघाड व दुरुस्ती

पिकअप स्विच : इलेक्ट्रिक गिटारवरील दोन किंवा तीन पिकअपपैकी कोणाचा आवाज अँप्लिफायरकडे जायचा, हे ठरवणारा खटका. तार कंप पावली की पिकअपच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो. तो या स्विचमधून व्हॉल्यूमच्या पॉटकडे (फिरत्या रोधाकडे) आणि तेथून जॅककडे जातो. दाब इतका कमी असतो की कॉन्टॅक्टवर बसलेला काळपट थरही आवाज अडवू शकतो.

या स्विचचे दोन प्रकार मुख्य आहेत. १९५२ साली आलेल्या गिब्सन लेस पॉलवर टॉगल असतो : त्याची दांडी एका बाजूला कलली की एक पत्ती उघडते आणि मधोमध ठेवली की दोन्ही पत्त्या जुळलेल्या राहतात. फेंडरच्या गिटारवर सरकत्या दांडीचा स्विच असतो. १९५४ चा स्ट्रॅटोकास्टर तीन स्थितींचा स्विच घेऊन आला. पण वादक दांडी दोन स्थितींच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा मिश्र आवाज काढू लागले. ती लकब इतकी रुळली की १९७७ पासून कंपनीनेच पाच स्थितींचा स्विच बसवला.

स्विच बिघडण्याची मुख्य कारणे धूळ, घाम आणि दमट हवा. चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळे पडतात. कोकण-गोव्यात हा त्रास जून ते सप्टेंबरात वाढतो. कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरसारख्या गावात, पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो आणि वाद्याची काळजी तेव्हा अधिक घ्यावी लागते. याच दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी इलेक्ट्रिक मँडोलिन कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठित केले. तिथल्या हवेत पिकअप, पॉट आणि जॅक जपणे म्हणूनच केवळ रॉक वाजवणाऱ्यांची गरज नाही.

निदान गिटार न उघडताच बरेचसे होते, आणि तेच आधी करावे. प्रथम दुसरी केबल लावून पाहावी. सर्वच स्थितींत आवाज बंद असेल तर संशय आधी केबल, जॅक व पॉटवर घ्यावा. पाच स्थितींच्या स्विचवर ब्रिजच्या बाजूने पहिली स्थिती ब्रिजचा पिकअप, दुसरी ब्रिज व मधला, तिसरी मधला, चौथी मधला व नेकचा, पाचवी नेकचा, असा क्रम असतो. पहिली स्थिती मुकी आणि दुसरी हुबेहूब तिसरीसारखी वाजत असेल, तर ब्रिजच्या पिकअपचा आवाज स्विचपुढे जातच नाही : त्याची तार तुटली आहे किंवा सोल्डर सुटले आहे. उलट दुसरी स्थिती बरोबर वाजते आणि पहिलीच तेवढी मुकी, तर दोष स्विचच्या कॉन्टॅक्टचा. दांडी बाजूला दाबली की आवाज परत येतो, हीही त्याचीच खूण. आवाज अगदी कमी ठेवून लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या खिळ्यांना हलकेच टेकवला, तर चालू पिकअप स्पष्ट ‘टक’ ऐकवतो.

मल्टिमीटरने हेच आकड्यांत दिसते. केबल गिटारला लावून, दुसरे टोक अँप्लिफायरपासून मोकळे ठेवून आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडून प्लगचे टोक व बाहेरील धातू यांतील रोध मोजावा. साध्या सिंगल-कॉइल पिकअपचा आकडा साधारण ५.५ ते ७ किलोओहम येतो. दुसऱ्या व चौथ्या स्थितीत दोन पिकअप समांतर जोडले जात असल्याने तो जवळपास निम्मा होतो. २५० किलोओहमच्या आसपास आकडा आला, तर मीटर फक्त पॉट मोजत आहे आणि पिकअप जोडलेलाच नाही. शून्याजवळचा आकडा म्हणजे कुठेतरी तार अर्थला चिकटली आहे.

स्विच बदलण्याची घाई बहुतेक वेळा अनाठायी ठरते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा लहानसा फवारा मारून दांडी दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवली की खरखर पुष्कळदा जाते. टॉगलच्या पत्त्यांमध्ये क्लीनरने भिजवलेली कागदाची पट्टी ओढावी. पॉलिश पेपर मात्र लावू नये; त्याने मुलामाच निघतो. पत्ती वाकलेली दिसली तर बारीक पक्कडीने, अगदी थोडी सरळ करावी.

बदलायचाच असेल तर तारांचा फोटो आधी काढावा. बंद डबीसारख्या स्विचची टोके एका रांगेत, उघड्या स्विचची दोन्ही बाजूंना असतात. तारा जशाच्या तशा हलवल्या तर जोडणी चुकते. सोल्डर राळ असलेले वापरावे, आम्लाची पेस्ट नको. आणि सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, नाहीतर स्विचचे प्लास्टिक वितळते. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात, तर तमिळनाडूत चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर शोधावेत. गिटारचा खास स्विच मात्र वाद्यांच्या दुकानातच पाहावा. व्हॉल्व्ह अँप्लिफायर स्वतः उघडू नये, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये घातक दाब राहतो.

गिटार दुरुस्तीला देताना कोणत्या स्थितीत काय वाजते याचा पाच ओळींचा कागद सोबत द्यावा. कारागिराचे अर्धे काम त्यानेच होते.