तिकिटांच्या पैशातून तिकिटं

लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवायचात का? मी जमवायचो. ‘कुक आयलंड्स’ची चकचकीत तिकिटं वहीत होती, पण हा देश कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की या तिकिटांपायी तिथलं एक सरकार गेलं!

दक्षिण पॅसिफिकमधली ही 15 बेटं. सगळी जमीन मिळून सुमारे 240 चौ. किमी, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. 1965 साली न्यूझीलंडशी संलग्न राहून स्वराज्य मिळालं, नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचंच. त्यामुळे पोटापाण्यासाठी लोक चालले ऑकलंडला. (आपल्याला हे वेगळं सांगायला नको.)

गंमत म्हणजे 1965 च्या निवडणुकीत अल्बर्ट हेन्री यांना स्वतःलाच उभं राहता येईना. बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये काढलेली, वास्तव्याची अट आडवी आली. मग बहीण मार्गरीट स्टोरी निवडून आली, अट सैल झाल्यावर तिने भावासाठी जागा सोडली, आणि हेन्री पहिले प्रीमियर झाले.

आता 30 मार्च 1978. समोर टॉम डेव्हिस, अमेरिकेत संशोधन करून परतलेले डॉक्टर. जागा फक्त 22. मतदारसंघ एवढेसे, की विमानभर माणसं उतरली तरी निकाल फिरावा. दोन्ही पक्षांनी न्यूझीलंडहून मतदार आणले. फरक एवढाच, की डेव्हिसच्या लोकांनी भाडं आपल्या खिशातून भरलं, हेन्रींच्या लोकांना प्रवास जवळजवळ फुकट. पैसा कुठला? सरकारी टपाल तिकिटं जगभर विकणाऱ्या फिनबार केनी या अमेरिकन व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल!

हेन्री जिंकले. पण 24 जुलैला मुख्य न्यायाधीश गेव्हन डॉन यांनी हा फुकट प्रवास म्हणजे लाच ठरवली, ती मतं बाद झाली, आणि डेव्हिस प्रीमियर झाले. कोर्टाच्या निकालाने सत्तापालट.

खरं सांगायचं तर मी आधी हेन्रींच्या बाजूला झुकलो होतो. ज्याला 3000 किमीचं भाडं परवडत नाही त्याने मत देऊच नये का? पण मग लक्षात आलं, तो पैसा सरकारचा होता. म्हणजे डेव्हिसला मत देणाऱ्यांचाही!

केनीच्या कंपनीने 1979 मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला. परदेशी लाचखोरीविरुद्धच्या 1977 च्या कायद्याखालचा हा सुरुवातीचा खटला. ऑफिसच्या वार्षिक ट्रेनिंगमध्ये आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत संपवतो ना, तोच कायदा :)

1980 मध्ये हेन्रींची ‘सर’ ही पदवी काढून घेतली गेली. 1981 च्या सुरुवातीला ते गेले. अवारुआच्या चर्चच्या आवारात त्यांच्या कबरीवर अर्धपुतळा आहे. लोक त्याला फुलांचे हार घालतात, आणि डोळ्यांवर खराखुरा चष्मा.