पाटीवरचे चाळीस अंश

खामगावच्या कापूसबाजाराची कथा १८७० साली जलंबहून आलेल्या आगगाडीपासून सांगण्याची चाल आहे. आम्हांस ती यंत्रांपासून सांगावयाची आहे. आमचे आयुष्य त्यांच्याजवळ राबणाऱ्या माणसांत गेले.

जिनिंगचे कारखाने आरंभी वाफेवर चालत. बॉयलर फुटला की माणसे मरतात, हे कोणास समजावून सांगावे लागत नसे. म्हणून १९२३ च्या कायद्यातील बॉयलरचा दाखला फार तर बारा महिन्यांचा आणि ठरलेल्या दाबापुरताच असे.

पुढे विजेची मोटर आली. ती निमूटपणे फिरते, म्हणून तिचे भय वाटत नाही. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली, १९५२ साली प्रमाणचिन्हांचा कायदा झाला आणि ‘आयएसआय’ ही अक्षरे घरोघर पोचली. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. माल मानकात बसतो, एवढे ते चिन्ह सांगते. कोणत्या परिस्थितीत, ते मानकात लिहिलेले असते. साधारण मोटरची अश्वशक्ती भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपर्यंत आणि जागेची उंची १००० मीटरपर्यंत धरून ठरविलेली असते.

उंचीची अट बुलढाणा शहरातही मोडत नाही. उष्णतेची मात्र घाटाखाली दर उन्हाळ्यात मोडते. त्यात पत्र्याचे छप्पर, आणि रुईच्या तंतूंनी बुजलेल्या हवेच्या वाटा! तारांवरील वेष्टण ८ ते १० अंशांनी अधिक तापत राहिले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. वेष्टण जळाले की ठिणगी. आणि शेजारी रुईचा ढीग.

एका कारखान्यात एप्रिलअखेर अशीच मोटर जळाली. “मोटर प्रमाणित आहे, चूक फिटरची,” असे म्हणून त्याचा पगार कापला गेला. आम्ही मोटरवरची पाटी पुसून वाचून दाखविली. तिच्यावर ४० चा आकडा होता. शेडमधील तापमापकात ४६ चा. पगार परत मिळाला. नवी मोटर मात्र त्याच जागी, तशीच बसली.

शिक्का खोटा नव्हता; त्याच्या अटी कोणी वाचल्या नव्हत्या. उन्हाळ्यात भार कमी करणे, तंतू रोज झाडणे, अधिक उष्णतेसाठी बांधलेली मोटर घेणे, या मागण्या मेहरबानीच्या नव्हेत. त्या अटींतूनच निघतात. आपल्या विहिरीवरील मोटरलाही अशीच पाटी आहे. घरी गेल्यावर ती एकदा पुसून वाचावी.