विदित गुजराथीला चकवणारी 'एफ५' चाल काय होती?

६ एप्रिल २०२४, टोरांटो. बुद्धिबळाच्या कँडिडेट्स स्पर्धेची तिसरी फेरी. आदल्याच दिवशी नाशिकच्या विदित गुजराथीने हिकारू नाकामुराची ४७ क्लासिकल डावांची अपराजित मालिका मोडली होती. आता समोर होता प्रज्ञानंद.

विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी नेहमीचं रुय लोपेझ मांडलं. चौथ्या चालीला प्रज्ञानंदने राजाच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. हीच 'एफ५'. पटाच्या मध्यावरच्या पांढऱ्या प्याद्यावर हल्ला होतो खरा, पण स्वतःच्याच राजाभोवतीची तटबंदी सैल पडते. म्हणून या स्तरावर ती क्वचितच दिसते.

मग खेळायची कशाला? समोरच्याने घरी संगणकावर घोटलेल्या चाली बाद होतात आणि त्याला घड्याळाकडे बघत विचार करावा लागतो. (घरचा अभ्यास प्रज्ञानंदचाही असणारच, फक्त याच चालीचा!)

विदित तो डाव हरला. नाकामुराला मात्र त्याने याच स्पर्धेत पुन्हा एकदा हरवलं.