आरोपीच्या बाजूने

३० जुलै २०१४, बुधवार. तंजावरच्या सत्र न्यायालयात तुम्ही काळ्या कोटात उभे आहात, आरोपीचे वकील म्हणून. गळ्याची पांढरी पट्टी घामाने चिकटली आहे. कुंभकोणमहून आलेले आईबाप व्हरांड्यापर्यंत दाटले आहेत. काहींच्या हाती मुलांचे फोटो. दहा वर्षं उलटली, फोटोतली मुलं मात्र अजून पहिली-दुसरीतलीच.

शुक्रवार, १६ जुलै २००४. कुंभकोणमच्या काशीरामन रस्त्यावरच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या, तसल्याच छपराखालच्या वर्गांपर्यंत गेली. जिना अरुंद. ९४ मुलं गेली. आरोपपत्रातली त्यांची यादी तुम्ही इतक्यांदा वाचली आहे की झोपेतही नावं क्रमाने येतात. मुलीला शाळेत सोडायला गेलात की तुम्ही आधी छप्पर पाहता, मग जिना.

उलटतपासणीत एका बापाला तुम्ही विचारलं होतं, "हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की नंतर कुणी सांगितलं?"

"नंतर सांगितलं, अय्या."

तुमच्या अशिलाला हवं होतं तेवढंच उत्तर. पण मूल गमावलेल्या त्या माणसाने तुम्हाला आदराने 'अय्या' म्हणावं, हे तुम्हाला आजही सोसत नाही.

तो प्रश्न विचारायलाच हवा होता, असं मी ठामपणे म्हणेन. गुन्हा जितका भीषण, तितकी कुणाला तरी धरून मोकळं होण्याची घाई मोठी. त्या घाईत ऐकीव गोष्टही पुरावा ठरू लागते. २००९ साली मुंबईत अंजली वाघमारे यांची मुंबई हल्ल्यातला आरोपी कसाबच्या वकील म्हणून नेमणूक झाली आणि त्याच रात्री त्यांच्या घरासमोर जमाव आला. कोइमतूरच्या एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की अमुक आरोपीचं वकीलपत्र घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत. वकीलपत्र घेण्याचा अधिकार त्याने पक्का झाला. घेतल्यावर रात्री काय करायचं, याची सोय कुठल्याच निकालात नाही, आणि बाररूममध्ये तसं कुणी विचारतही नाही. तिथे विचारतात, पुढची तारीख कधी.

निकाल येतो. २१ पैकी १० दोषी, ११ निर्दोष. शाळेच्या संस्थापकाला जन्मठेप. तुमचा अशील सुटलेल्यांत आहे. तो तुमचा हात घट्ट धरतो, "सार, सार" यापुढे त्याला बोलवत नाही. मागे एक बाई हंबरडा फोडते. हात सोडवून घ्यावासा वाटतो, आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटते. या माणसानेही दहा वर्षं मान खाली घालून काढली आहेत, आणि त्याच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकमेकींना खोडत नाहीत, हेच जड आहे.

बाहेर पत्रकार विचारतात, समाधान वाटतं का? तुम्ही कायद्याचं एक वाक्य बोलता आणि बाजूच्या दाराने निघता.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, मद्रास उच्च न्यायालय आणखी काहींना सोडेल आणि संस्थापकाची शिक्षा भोगलेल्या काळावर आणेल. ते अपील तुम्ही लढवलेलं नसेल. तरी टीव्हीवर त्या आईबापांचे चेहरे दिसले की तुम्ही बसल्या जागी मनातल्या मनात त्यांच्यापुढे युक्तिवाद करू लागाल.