जगातलं सगळ्यात मोठं सूर्यघड्याळ कोणतं?

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून.

डिसेंबरच्या शेवटी जयपूरच्या जंतरमंतरला गेलो होतो. सम्राट यंत्रापुढे गाइडकाका म्हणाले, "दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ." मी लगेच फोन काढला. यंत्र चक्क 27 मिनिटं मागे! "काका, यात बग आहे," असं मी सगळ्यांसमोर बोललोही. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, हे जयपूरची वेळ दाखवतं."

बरोबर होतं त्यांचं. आपली भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. जयपूर तिथून जवळजवळ सात अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. करा गुणाकार! (इतर महिन्यांत हा फरक पाव तासापर्यंत कमीजास्त होतो.)

हे यंत्र 1734 च्या सुमाराचं, सवाई जयसिंहांनी बांधलेलं. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे ते वेगळे, हे त्यांचे वंशज. पितळेची यंत्रं लहान असतात, झिजतात, हलतात, म्हणून जयसिंहांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रं उभारली. सम्राट यंत्राची तिरकी भिंत 27 मीटर उंच आहे, म्हणजे साधारण नऊ मजली इमारत. तिची सावली खालच्या वक्र पट्टीवर सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते. नुसत्या डोळ्यांनी वेळ चालताना दिसते, राव!

मग उंचीत हेच पहिलं का? नाही. अमेरिकेत रेडिंगला 2004 साली झालेल्या पुलाचा खांब 66 मीटरचा आहे, पण त्याची सावली वर्षातून एकाच दिवशी, 21 जूनच्या आसपास, नीट वेळ सांगते. रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इजिप्तहून आणलेला सुमारे 22 मीटरचा दगडी स्तंभ उभा केला होता. त्याच्या सावलीवरून दिवस मोजायचे. प्लिनी लिहितो की तीसेक वर्षं त्याचं गणित जुळतच नव्हतं. पाया खचला असावा, हा त्याचा एक अंदाज.

म्हणजे नुसती उंची मोजून भागत नाही. आकार वाढवला की पट्टीवरच्या खुणा लांब लांब होतात, वाचायला सोप्या जातात. पण सूर्य काही बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीची कडा धूसर पडते, आणि यंत्र मोठं तशी ती धूसर पट्टीही रुंद होते. मेगापिक्सेल वाढवले आणि लेन्स तीच ठेवली, तसंच काहीसं. जयपूरला सावलीची नेमकी कडा शोधायला ताणलेला दोरा धरतात. म्हणजे ते दोन सेकंद मिळतात दगड, दोरा आणि सरावलेला डोळा एकत्र आले की.

तेव्हा माझं मत जयपूरला. उंचीत नंबर गेला तरी रोज, वर्षभर, घड्याळाचं काम करणारं एवढं मोठं दगडी यंत्र दुसरं नाही.

आणि काका, ऐकत असाल तर सॉरी. बग माझ्यात होता.

भेटू पुढच्या भागात!