मावशीला गोळी का नाही? तीन ओळींच्या रिपोर्टची सव्वाशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग माझ्या मावशीच्या एका प्रश्नावरून सुचला.

मावशी इथलीच, सिडकोत राहते. स्तनात गाठ निघाली, केमो सुरू झाली. तिथेच तिची वाळूजच्या एका ताईंशी ओळख झाली. त्यांचीही गाठ साधारण तेवढीच. पण त्यांना पुढची काही वर्षं रोज एक गोळी घ्यायला सांगितली होती. मावशीला गोळी नाहीच. रात्री ती मला म्हणाली, "खरं सांग, मी आता वाचत नाही म्हणून गोळी देत नाहीत का रे?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचा रिपोर्ट उघडला. त्यात तीन ओळी होत्या: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

या तीन ओळी कुठून आल्या, ते बघू.

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी लिहिलं, की स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या बाईचं अंडाशय काढलं आणि गाठ आक्रसली. पुढे इतरांनीही हा उपाय करून पाहिला. काही जणींना गुण आला, बऱ्याच जणींना आला नाही. का, ते कळायला मार्ग नव्हता. 'हार्मोन' हा शब्दच मुळी १९०५ सालचा!

आता आपल्याकडे या. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. तिथे डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे संशोधन करत होत्या. त्यांनी उंदरांचे चार वाण घेतले. काहींत स्तनाचा कॅन्सर सहज व्हायचा, काहींत क्वचित. हा फरक कशामुळे? आनुवंशिकता, हार्मोन, पिल्लं होणं, सगळं त्यांनी ताडून पाहिलं. १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे मुंबईतच देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांचा अभ्यास करायची सोय. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

बीटसनचं कोडं मात्र शिकागोत सुटलं. एल्वुड जेन्सन यांनी १९६० च्या आसपास दाखवलं, की इस्ट्रोजेन हे हार्मोन पेशीतल्या एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते प्रथिन म्हणजे ईआर. काही गाठींत ते असतं, काहींत नसतं. पीआर हे तसंच, प्रोजेस्टेरॉनसाठीचं. ज्या गाठी हार्मोनवर पोसल्या जातात, त्यांची ही रसद तोडता येते. टॅमॉक्सिफेन ही गोळी तेच करते. अमेरिकेत तिला १९७७ मध्ये मंजुरी मिळाली.

१९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांच्या गटाने आणखी एक प्रकार दाखवला. काही गाठींत हर-टू या जनुकाच्या जादा प्रती असतात आणि तो कॅन्सर जोरात वाढतो. त्यावर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे इंजेक्शन १९९८ मध्ये आलं.

आणि तिन्ही नसतील तर? तो ट्रिपल निगेटिव्ह, मावशीचा. गोळीने अडवायला तिथे काही नसतंच, म्हणून गोळी नाही. हा प्रकार आक्रमक असतो, तुलनेने तरुण बायकांत जास्त दिसतो, आणि भारतातल्या अभ्यासांत त्याचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आढळतं. पण भराभर वाढणाऱ्या पेशींवर केमो चांगली चालू शकते. टाटा मेमोरियलने अशा ७०० हून जास्त रुग्णांवर अभ्यास केला. ऑपरेशनआधीच्या केमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, तुलनेने स्वस्त औषध घातलं, तर ५० वर्षांपर्यंतच्या बायकांना स्पष्ट फायदा झाला. हे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये जगापुढे मांडले गेले.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. आजार आक्रमक आहे, हेही लपवलं नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या ताईंचा आजार वेगळा, माझा वेगळा. गोळी नाही म्हणजे औषध नाही, असं नाही ना?"

नाही मावशी, तसं नाही.

मंडळी, आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दर वेळी परळच गाठावं लागतं असं नाही. घरात कुणाला गाठ लागली तर वेळ काढू नका, तपासून घ्या. आणि निदान झालंच, तर "कितवी स्टेज?" याच्यासोबत डॉक्टरांना "कोणता प्रकार?" हेही विचारा. शेजारणीची गोळी आपल्या घरात आणू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.